कृपादानासाठी रोजच्या वापरातली वस्तू कशी शोधावी

आपल्या कृपादानाचं, म्हणजे संस्थापकांकडून आलेल्या खास प्रेरणेचं, चिन्ह ठरवायला एखाद्या ख्रिस्ती धर्मसंघाची (व्रतं घेऊन एकत्र राहणाऱ्या भगिनींची किंवा बंधूंची) बैठक बसली की पहिल्या दहा मिनिटांत कबूतर येतं. मागोमाग ज्योत, मग ओंजळ, आणि शेवटी तडजोड म्हणून ओंजळीत ज्योत. ही चित्रं वाईट नाहीत. अडचण एवढीच की ती कुठल्याही संघाच्या नावाखाली छापली तरी खपून जातात, आणि जे कुणालाही चालतं ते तुमच्याबद्दल काहीच सांगत नाही.

लेटरहेडवरचं बोधचिन्ह हे नंतरचं काम. ते चित्रकार करून देतो. त्याच्या आधी शोधायची ती हातात धरता येईल अशी साधी वस्तू. ती घरात रोज वापरली जात असावी आणि तिचं काम बघून कालपरवा आलेली नॉव्हिसही (शिकाऊ सभासद) म्हणावी, ‘आपण माणसांच्या बाबतीत हेच करतो की.’ अशी वस्तू हाती लागली की नव्या सभासदांना शिकवताना, चिंतनाच्या दिवशी, ‘तुम्ही नेमकं काय करता?’ असं बाहेरच्या कुणी विचारलं की ती कामाला येते. संघाच्या ध्येयाचं तीन पानी निवेदन कुणाच्या लक्षात राहत नाही. टोपली राहते.

आधी शब्दाचा घोळ मिटवा

कॉन्व्हेंटात ज्याला सर्रास ‘कॅरिझम’ म्हणतात त्याला मराठी बायबलात कृपादान म्हटलं आहे. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या १२ व्या अध्यायात पौल सांगतो की कृपादानं निरनिराळी असली तरी आत्मा एकच आहे, आणि ती मिळतात सर्वांच्या हितासाठी. संघांच्या संदर्भात हा शब्द रुळला तो बराच उशिरा. कॅथोलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ‘पेर्फेक्ते कारितातिस’ हा आदेश काढून संघांना संस्थापकांच्या मूळ प्रेरणेकडे परत जायला सांगितलं. १९७१ मध्ये पोप सहावे पॉल यांनी ‘संस्थापकांचं कृपादान’ असा शब्दप्रयोग केला. १९७८ च्या ‘मुतुए रेलात्सिओनेस’ या दस्तऐवजात त्याचा खुलासा आला: संस्थापकांना आलेला पवित्र आत्म्याचा अनुभव, जो अनुयायांनी जगायचा, जपायचा, खोल करायचा आणि सतत वाढवत न्यायचा असतो. जगणं, जपणं, खोल करणं, वाढवणं ही चार क्रियापदं मोठ्या अक्षरांत लिहून बैठकीच्या खोलीत लावा. पुढे वाद झाला की त्यांच्याकडेच परत यावं लागतं.

सगळ्यात जास्त गफलत होते ती कृपादान आणि काम यांच्यात. शाळा हे काम आहे, दवाखाना हे काम आहे. उद्या शाळा दुसऱ्या कुणाच्या हाती सोपवली आणि इमारत रिकामी केली, तरी भगिनींच्या वागण्यात जे शिल्लक राहील ते कृपादान. म्हणून खडू, पुस्तक, स्टेथोस्कोप असल्या वस्तू पहिल्याच दिवशी बाजूला काढा. शिकवण्याचं काम करणारे कितीतरी संघ आहेत. कुणी मागे पडलेल्या मुलाजवळ थांबतं, कुणी मुलाला प्रश्न विचारायला शिकवतं, कुणी त्याच्या घरापर्यंत जातं. पुस्तकाच्या चित्रात हा फरक कुठेच दिसत नाही.

गट आणि वेळ

सात ते नऊ माणसं पुरेत. पाचांपेक्षा कमी असली की सुपीरियरचं, म्हणजे घराच्या प्रमुखाचं, मत हाच निर्णय ठरतो. बारांच्या वर गेली की भाषणं सुरू होतात. गटात संघातली एक सगळ्यात वयस्क व्यक्ती हवी, एक सगळ्यात नवी हवी, स्वयंपाकघर किंवा बाग सांभाळणारी एक हवी, आणि ज्यांच्यासाठी संघ आहे त्यांच्यातलं निदान एक माणूस हवं. हे शेवटचं माणूस बहुतेक वेळा वगळलं जातं, आणि मग चिन्ह घरच्या घरी सुंदर वाटतं पण दाराबाहेर कुणाला कळत नाही. चित्रकाराला इतक्यात बोलावू नका. त्याने पहिलं रेखाटन टेबलावर ठेवलं की गटाचं शोधणं थांबतं आणि निवडणं सुरू होतं.

दोन-दोन तासांच्या चार बैठका धरा, आणि पहिल्या तीन बैठकांत दोन-दोन आठवड्यांचं अंतर ठेवा. तिसरी आणि चौथी यांच्यात जास्त दिवस लागतात, ते पुढे येईल. एका शनिवार-रविवारात उरकायचा प्रयत्न केला तर वस्तू सापडते, पण ती जो सगळ्यात छान बोलतो त्याची असते.

पहिली बैठक: क्रियापद

प्रत्येकाने येताना संघाच्या जुन्या कागदांतून पाच उतारे काढून आणायचे, एकेक उतारा चाळीस शब्दांच्या आत. संस्थापकांची पत्रं, पहिली नियमावली, दिवंगत सभासदांवर लिहिलेल्या आठवणी हे सगळं चालेल. त्यात एक कागद मात्र हटकून हवा: जमाखर्चाची सगळ्यात जुनी वही. पत्रांत सगळेच संस्थापक प्रेमाबद्दल लिहितात. हातात पैसे कमी असताना त्यांनी आधी काय घेतलं, दहा चादरी की एक छापखाना, हे वहीतच सापडतं. संघाची वही राहिली नसेल तर परिसरातले लोक तुम्हाला कोणत्या नावाने ओळखतात ते विचारून या. लोक ठेवतात त्या नावात क्रियापद लपलेलं असतं.

उतारे मोठ्याने वाचा आणि फक्त क्रियापदांखाली रेघ मारा. प्रेम, सेवा, करुणा, समर्पण या नामांवर त्या दिवसापुरती बंदी घाला. ऐकायला हे टोकाचं वाटेल, पण नामांतून चिन्ह काढायला गेलं की हृदय आणि ज्योत याच्या पलीकडे हात जात नाही. क्रियापदांचं तसं नसतं. बसवून घेणं, उचलणं, वाट पाहणं, गाठ सोडवणं, राखणं, चाळणं, पुरवून वापरणं: यातल्या प्रत्येकासाठी घरात कुठे ना कुठे एखादं अवजार असतंच.

बैठक संपताना बारा शब्दांच्या आत एक वाक्य तयार हवं: कुणाला, कुठे किंवा कसं, आणि काय करतो. समजा एक संघ दुरावलेल्या माणसांत समेट घडवतो. त्याचं वाक्य असं होईल: ‘जे एकमेकांपासून तुटले आहेत त्यांना, त्यांच्या घरी जाऊन, हळूहळू पुन्हा जोडतो.’ आता परीक्षा घ्या. वाक्याच्या सुरुवातीला तुमच्या ओळखीच्या दुसऱ्या तीन संघांची नावं लावून बघा. तिन्ही वेळा वाक्य खरं वाटलं तर ते फार ढोबळ आहे. वरच्या वाक्यात ‘त्यांच्या घरी जाऊन’ आणि ‘हळूहळू’ हे शब्द काढले की ते कुणाचंही होतं. म्हणजे संघाचं वेगळेपण ‘जोडतो’ या शब्दापेक्षा त्या दोन शब्दांत जास्त आहे, आणि वस्तू निवडताना हेच विसरलं जातं.

दुसरी बैठक: घरातून फेरी

बैठकीआधीचा एक पूर्ण दिवस घरातून हिंडायचं. स्वयंपाकघर, धुण्याची जागा, फाटक, बाग, आजाऱ्यांची खोली, चॅपेलच्या शेजारची सामानाची खोली. तीसेक वस्तू उचलून एका लांब टेबलावर मांडा. फोटो चालत नाहीत. फोटोत वजन नसतं, वास नसतो, कड घासलेली कळत नाही. गेल्या सात दिवसांत कुणीतरी खरोखर वापरलेल्या वस्तूच घ्यायच्या. कपाटात जपून ठेवलेलं, काचेत मांडलेलं काही नको. म्हणूनच संस्थापकांचा चष्मा, त्यांची काठी, त्यांची लेखणी या यादीत येत नाहीत. त्या आदराच्या वस्तू आहेत. त्या बघून संस्थापक आठवतात, त्यांचं कृपादान आठवेलच असं नाही.

वापरातल्या भांड्याकुंड्यांकडे असं बघणं कुणाला हलकं वाटलं तर संत बेनेडिक्ट यांनी मठवासींसाठी लिहिलेली नियमावली काढून दाखवा. ३१ व्या अध्यायात कोठाराची जबाबदारी असणाऱ्याला सांगितलं आहे की मठातली सगळी भांडी आणि सामान त्याने वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखं मानावं. लगेच पुढच्या अध्यायात अवजारांची यादी ठेवायला सांगितली आहे, म्हणजे काय दिलं आणि काय परत आलं ते कळेल. पवित्रपणा आणि मोजदाद अशी शेजारी शेजारी बसलेली आहे.

प्रत्येक वस्तूसमोर एक कार्ड ठेवा आणि त्यावर चार ओळी लिहा: ही काय करते, कशावर करते, करताना हिचं काय झिजतं, आणि काम संपल्यावर ही कुठे असते. मग प्रत्येकाने एक वस्तू घेऊन पाच मिनिटं न बोलता हातात धरायची, फिरवायची, शक्य असेल तर वापरून बघायची. पाच मिनिटं लांब वाटतात. तिसऱ्या मिनिटानंतर जे लक्षात येतं ते पहिल्या दोन मिनिटांत येत नाही, म्हणून वेळ कमी करू नका. तीस वस्तूंच्या पाच होईपर्यंत मतदान घेऊ नका. लवकर हात वर करायला लावले की सगळ्यांत निरुपद्रवी वस्तू जिंकते.

एक वस्तू जवळून

समेटाच्या त्या संघाच्या टेबलावर शेवटी काय उरेल? डिंक, टाचणी, बिजागरी आणि सुई-दोरा अशा चार वस्तू उरल्या असं धरू.

डिंक झटकन जोडतो, पण त्याचा जोड दिसला की काम फसलं असं आपण मानतो. तुटलेलं लपवणं ही त्याची खुबी. शिवाय ‘हळूहळू’ त्याच्यात बसत नाही. टाचणी तात्पुरती. बिजागरी मात्र अवघड प्रतिस्पर्धी आहे: दार आणि चौकट दोन्ही वेगळी राहतात, दार हलतं, तरी सुटत नाही. तेल दिलं नाही तर कुरकुरते. एकत्र राहूनही मोकळं राहणं हे ज्या संघाचं कृपादान असेल त्याने बिजागरी जरूर घ्यावी. पण बिजागरी नव्या दाराला बसवतात. इथे प्रश्न आधी एक असलेलं आणि मग फाटलेलं काही जोडण्याचा आहे.

उरला सुई-दोरा. नेढ्यात दोरा ओवताना टोक ओलं करून पिळावं लागतं, आणि घाई केली तर ते फाटून दोन टोकं होतात. शेवटी गाठ मारली नाही तर दहा टाके घातले तरी दोरा सरळ निघून येतो. दोरा हातभरापेक्षा लांब घेतला की गुंततो. काम लवकर संपवायच्या मोहाने लांब दोरा घेणाऱ्याचा वेळ उलट गाठी सोडवण्यात जातो. सुई टोचते, त्याशिवाय शिवता येत नाही. आणि शिवून झाल्यावर सुई निघून जाते, कापडात राहतो तो दोरा. समेट घडवणाऱ्याने शेवटी त्या घरातून उठून यायचं असतं हे सांगायला एवढं पुरे आहे.

इथेही थांबू नका. शिवणं म्हणजे नेमकं काय, हे विचारा. ठिगळ लावणं आणि रफू करणं यात फरक आहे. ठिगळाबद्दल बायबलात मार्कच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात इशाराच आहे: जुन्या वस्त्राला कोऱ्या कापडाचं ठिगळ लावलं तर नवं जुन्याला ओढतं आणि फाटलेलं आणखी फाटतं. कारण साधं आहे, कोरं कापड धुतल्यावर आटतं. बाहेरून आणलेला तयार उपाय असाच वागतो. रफूत मात्र चांगला कारागीर त्याच कापडाच्या आतल्या दुमडीतून धागे काढतो आणि भोकावर उभे-आडवे विणतो. दुरुस्तीचा धागा त्या कापडाचाच असतो. ‘त्यांच्या घरी जाऊन’ आणि ‘हळूहळू’ हे दोन्ही शब्द रफूत जसेच्या तसे सापडतात. म्हणजे या संघाचं चिन्ह ‘सुई-दोरा’ एवढंच सांगितलं तर अर्धं राहिलं. रफू करणारी सुई म्हटलं की ते पूर्ण होतं.

वस्तूकडून क्रियेकडे आणि क्रियेकडून तिच्या नेमक्या प्रकाराकडे असं जायचं असतं. बहुतेक गट पहिल्याच पायरीवर खूश होऊन उठतात.

आधी कुणी कसं केलं

तयार उदाहरणं उचलण्यासाठी नाहीत, पण ती कशी चालली आणि कुठे अडली हे बघण्यासारखं आहे.

संत फ्रान्सिस यांनी चामड्याचा पट्टा टाकून कमरेला साधा दोर बांधला. फ्रान्सिस्कन दोरावरच्या तीन गाठी दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन या तीन व्रतांच्या मानल्या जातात. दोराची ताकद त्याच्या साधेपणात आहे, आणि तो रोज बांधावा लागतो यात. संत जान जुगान यांनी १८३९ मध्ये ब्रिटनीतल्या सें-सेर्वां इथे एका अंध वृद्धेला उचलून आणून आपला पलंग दिला, आणि पुढे म्हाताऱ्यांसाठी टोपली घेऊन दारोदार मागायला निघाल्या. गरिबांच्या लहान भगिनींच्या संघासाठी ती टोपली शंभर पानांचं काम करते: रिकामी असते म्हणून पुढे करता येते, भरली की दुसऱ्याची होते, आणि धरणाऱ्याला अपमान सोसावा लागतो.

आविलाची संत तेरेसा यांनी प्रार्थनेच्या चार अवस्था बागेला पाणी घालण्याच्या चार रीतींनी समजावल्या: विहिरीतून हाताने शेंदणं, रहाट, ओढ्याचं पाणी, आणि पाऊस. कष्ट उतरत जातात आणि पाणी वाढत जातं. एकाच घरगुती कामात क्रम, प्रगती आणि कृपा तिन्ही आल्या. तुमच्या संघाच्या कृपादानात टप्पे असतील तर अशी ‘एक काम, अनेक साधनं’ मांडणी करून बघा. एकाच वस्तूचा हट्ट नको. लिझ्यूच्या संत तेरेज यांनी तर १८९७ मध्ये आपला ‘लहान मार्ग’, म्हणजे लहान मुलासारखं देवावर विसंबणं, समजावायला लिफ्टची उपमा वापरली. जिने चढण्याची ताकद नसलेल्याला उचलून नेणारी लिफ्ट म्हणजे येशूचे बाहू. लिफ्ट तेव्हा नवीन होती. वस्तू जुनी असली तरच आध्यात्मिक, हा समज तिथे मोडतो.

आता अडलेलं उदाहरण. विन्सेंट द पॉल आणि लुईझ द मारियाक यांनी १६३३ मध्ये स्थापन केलेल्या डॉटर्स ऑफ चॅरिटी या संघातल्या भगिनी साध्या घरच्या, खेड्यातल्या बायकांसारखा वेष करत. त्यांचा पांढरा शिरोवेषही त्यातूनच आला. गरिबांत वेगळं दिसायचं नाही हा त्यामागचा हेतू. पुढे खेड्यातल्या बायकांनी ती पद्धत सोडली, भगिनींनी धरून ठेवली, खळ घालून घालून तो पंखांसारखा रुंद झाला, आणि ‘वेगळं दिसू नये’ म्हणून घेतलेलं वस्त्र दुरून ओळखू येणारं झालं. १९६४ मध्ये संघाने तो बदलला. वस्तू तीच राहिली आणि भोवतालचं जग सरकलं की चिन्हाचा अर्थ उलटा होतो, याचं याहून स्पष्ट उदाहरण मिळणं कठीण.

तिसरी बैठक: चाचण्या

उरलेल्या पाच वस्तूंना पुढच्या प्रश्नांतून न्या. एका बैठकीत पाचही वस्तू नीट होतात.

पहिला प्रश्न झिजेचा. काम करताना वस्तूचं काय होतं? साबण संपतो, सहाण घासत जाते, चाळणी मात्र तशीच राहते आणि कोंडा टाकून देते. संघाच्या वाक्यात स्वतः खर्च होणं असेल तर न झिजणारी वस्तू खोटी वाटेल.

दुसरा प्रश्न उलट्या बाजूचा, आणि तो सगळ्यात जास्त वेळ खातो. प्रत्येक वस्तू वाईटही वागते. दोर बांधून ठेवतो. मीठ जास्त झालं तर जमीन नापीक होते. जाळं माशाला विचारून धरत नाही. दार उघडतं तसं तोंडावर बंदही होतं. ही बाजू दिसली म्हणून वस्तू बाद करू नका. संघाच्या कृपादानाची विकृती कशी दिसते ते ती वस्तू दाखवते का, हे बघा. आश्रय देणारा संघ कोंडून ठेवू लागतो, तेव्हा दाराची कडी बरोबर तेच सांगते. उलट, वस्तूचा वाईट उपयोग तुमच्याशी काडीचाही संबंध नसलेला पण ऐकणाऱ्याच्या मनात पहिला येणारा असेल, तर ती सोडा. सुरी कितीही सोलून, चिरून खाऊ घालत असो, लोकांना आधी वार आठवतो.

तिसरा प्रश्न घराचा: ज्यांच्यासाठी तुम्ही आहात त्यांच्या घरात ही वस्तू आहे का? नसेल तर तुम्ही तुमचंच चिन्ह तुम्हालाच दाखवत आहात. चौथा प्रश्न सीमेपलीकडचा. संघ अनेक देशांत असेल तर निदान तीन ठिकाणच्या सभासदांना वस्तूचं नाव न सांगता ती पाठवा आणि ‘ही कशासाठी, कोण वापरतं?’ एवढंच विचारा. पांढरं कापड एकीकडे लग्नाचं, दुसरीकडे शोकाचं. झाडू एकीकडे जपायचा, दुसरीकडे नजरेआड ठेवायचा. पाचवा, वीस वर्षांनी ही वस्तू रोजच्या वापरात असेल का? सांगता येत नसेल तर हरकत नाही, फक्त वीस वर्षांनी पुन्हा विचारायची नोंद कागदोपत्री करून ठेवा.

शेवटी दहा वर्षांच्या मुलाच्या हातात वस्तू द्या, बारा शब्दांचं वाक्य सांगा आणि दोन्हींचा संबंध विचारा. मुलाने स्वतः जोडला तर उत्तम. एक सूचना दिल्यावर जोडला तरी चालेल. तीन वाक्यं समजावून सांगावी लागली तर ती वस्तू मनाने सोडून द्या, कितीही आवडलेली असली तरी.

दोन वस्तूंमध्ये अडकल्यावर त्या एकत्र करण्याची सूचना हमखास येते: टोपलीत दिवा, दिव्यावर सुई. ऐकू नका. दोन वस्तू एकत्र आल्या की काम करायचं थांबून सजावट होतात. त्याऐवजी दोन्ही पुढच्या पायरीवर न्या.

वापरून बघणं

तिसऱ्या आणि चौथ्या बैठकीच्या मध्ये चाळीस दिवस घ्या. ईस्टरआधीचा उपवासकाळ जवळ असेल तर तो सोयीचा. वस्तू चॅपेलमध्ये किंवा जेवणघरात अशा जागी ठेवा की कुणालाही उचलता येईल, आणि ती कामावर असली पाहिजे. रफूची सुई ठरली असेल तर त्या चाळीस दिवसांत घरातले फाटलेले कपडे तिथेच येऊ देत. काचेची पेटी, मखमल, खाली पितळी पाटी असं काही केलंत तर प्रयोग त्याच दिवशी संपला. जवळ एक वही ठेवा. ज्याला काही सुचेल त्याने तारीख घालून दोन ओळी लिहायच्या, सही नको.

चाळीस दिवसांनी, चौथ्या बैठकीत, वही वाचताना दोन गोष्टी बघा. संघ चुकला कुठे, हे सांगायला कुणी ती वस्तू वापरली का? ‘आपण लांब दोरा घेतोय’ अशी एखादी ओळ आली असेल तर वस्तू रुजली. सगळ्या नोंदी गोड असतील तर ती अजून शोभेचीच आहे. दुसरं, विसाव्या दिवसानंतर नोंदी पूर्ण थांबल्या का? थांबल्या असतील तर दुसरी वस्तू घ्या आणि पुन्हा चाळीस दिवस करा.

शब्द, मंजुरी, चित्र

वस्तूसोबत जाणारा मजकूर ऐंशी शब्दांच्या आत ठेवा: बारा शब्दांचं वाक्य, वस्तूचं काम, आणि तिची झीज किंवा धोका. याच्यावर जाऊ नका. प्रत्येक रंगाला, प्रत्येक वळणाला अर्थ चिकटवण्याची हौस फार असते. ‘सात टाके म्हणजे सात संस्कार’ सुरू झालं की वाचणारा मुकाट्याने पान उलटतो. बायबलचा एखादा संदर्भ द्यायचा असेल तर एकच द्या, आणि तो वस्तूच्या कामाशी जुळणारा हवा, नुसत्या नावाशी नको. फुंकणी निवडली असेल तर तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातलं १:६ चपखल बसतं. तिथे पौल देवाचं कृपादान प्रज्वलित करायला सांगतो, आणि मूळ ग्रीक क्रियापद विस्तव पुन्हा चेतवण्याचं आहे. म्हणजे निखारा आधीपासून आहे, राख झटकून फुंकर तेवढी घालायची.

घरापुरती, शिकवण्यापुरती वस्तू वापरायला कुणाची परवानगी लागू नये. पण ती संघाच्या शिक्क्यावर, गणवेषावर किंवा नियमावलीत जाणार असेल तर आपल्या नियमांप्रमाणे परिषदेकडे किंवा जनरल चॅप्टरकडे (संघाच्या प्रतिनिधींच्या सर्वोच्च सभेकडे) न्यावी लागते. चर्चच्या १९८३ च्या कायदेसंहितेतलं ५७८ वं कलम संस्थापकांचा हेतू आणि संघाच्या निरोगी परंपरा हा संघाचा वारसा मानून सगळ्यांनी जपायला सांगतं. त्यामुळे प्रस्तावाला ते पाच-पाच उतारे आणि वहीतल्या नोंदी जोडा. ‘आम्हाला आवडलं’ यापेक्षा ‘हे आमच्या पहिल्या वहीतून आलं’ हे म्हणणं टिकतं.

चित्रकाराला आता बोलवा. त्याच्या हातात वस्तू द्या आणि ती वापरताना दाखवा, कारण विश्रांतीतली सुई आणि कापडातून निम्मी बाहेर आलेली सुई ही दोन वेगळी चित्रं आहेत. आधी फक्त काळ्या रेषेत, अक्षरांशिवाय मागा. १६ मिलिमीटर रुंदीला छापून हाताच्या अंतरावरून बघा. ओळखू येत नसेल तर रेषा कमी करायला सांगा, जाड करायला नको. रंग सगळ्यात शेवटी.

वस्तू मंजूर झाली की मागणी येते ती बिल्ल्यांची, किल्लीच्या साखळ्यांची, भेटवस्तूंची. पहिलं वर्षभर नाही म्हणा. त्याऐवजी प्रत्येक घरात खरी वस्तू जाऊ द्या, तिच्यासाठी एक जागा ठरवा आणि ती वापरात ठेवण्याची जबाबदारी दरवर्षी एकेका सभासदाकडे द्या. तिने महिन्यातून एकदा बघायचं: सुई गंजली का, दोरा आहे का, कात्रीला धार आहे का. मोडकी वस्तू फुलांमागे ठेवून द्यायची नाही. सुई मोडली तर नवी आणायची, मोडकी कागदात गुंडाळून टाकून द्यायची, कारण ती पायात जाते.